दर दहा खांबांनी

१

हिवाळ्यात तंबूसाठी जागा शोधायची तर आधी वारा कुठून येतो ते बघायचं, मग डोक्यावर वाळकी फांदी नाही ना ते बघायचं, आणि सपाट जमिनीचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. नवखे लोक नेमकं उलट करतात. सपाट दिसलं की हुरळून जातात आणि मग वारं सुटलं की तंबूच्या मागे धावतात. आमच्या डोंगर मंडळाच्या पुस्तिकेत अशा जागांची यादी असते. माउंट कॉर्बीच्या आसपासची यादी गेली बावीस वर्षं मी करतो. नोकरीची चाळीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात घालवली, त्यामुळे मोजल्याशिवाय मी काही लिहीत नाही, आणि मोजलेलं सहसा चुकत नाही.

या ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, बरोबर दोघं होते. एक नेव्ह स्टॉकडेल, गावातला निवृत्त बेकरीवाला, माझा जुना दोस्त, तोंडाने अखंड सुरू. दुसरी ब्रीडी, माझ्या धाकट्या बहिणीची, मॉरीनची मुलगी. तेवीस वर्षांची. दोन हिवाळे ती माझ्या मागे लागली होती, या खेपेला मी हो म्हटलं, आणि मॉरीनने माझ्याशी चार दिवस अबोला धरला.

निघायच्या सकाळी मात्र ती झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून गाडीपाशी आली.

"तिचा बाप गेल्यापासून मला ती एकटीच आहे, एरॉल."

"माहितीये गं मला."

"तुझ्या त्या याद्या आणि जागा तुझ्यापाशी ठेव. पोरगी तेवढी परत आणून दे."

"आणतो की."

"नुसतं 'आणतो की' नको. नीट सांग."

"आणतो, मॉरीन. माझी जबाबदारी."

मागच्या सीटवरून ब्रीडी ओरडली, "आई, मी काय पार्सल आहे का?" नेव्ह हसला. मॉरीन हसली नाही. ती माझ्याकडेच बघत होती, आणि त्या नजरेचं ओझं मला गाडी वळेपर्यंत जाणवत राहिलं.

२

गाडीरस्ता संपतो तिथे पहिला खांब आहे. तिथून डोंगराच्या कुशीपर्यंत पंचवीस-पंचवीस मीटरवर खांब रोवलेले आहेत. प्रत्येकाच्या डोक्याला पिवळी पट्टी, पट्टीवर आकडा. सगळं पांढरंफटक होतं तेव्हा एका खांबावरून पुढचा शोधत जायचं. खांबांची ओळ सोडायची नाही, कारण एका अंगाला कडा आहे. वाऱ्याने बर्फ कड्याच्या पुढेही साचतो, वरून जमीन वाटते आणि खाली नुसती हवा असते.

पायांना बर्फात चालायचे रुंद जोडे बांधले तरी ताज्या बर्फात माणूस नडगीपर्यंत रुततो. पुढचा वाट पाडतो, त्याचा जीव निघतो, मागच्यांचं काम निम्म्यावर येतं. म्हणून आम्ही पाळी लावतो. दहा खांब पुढे राहायचं, मग डावीकडे एक पाऊल बाहेर पडून उभं राहायचं, बाकीच्यांना जाऊ द्यायचं आणि सगळ्यात मागे लागायचं. तिघं असले की प्रत्येकाची पाळी तीस खांबांनी येते.

यात एक रीत आहे. कुणी आपले दहा खांब झाल्यावरही पुढेच राहिला, आणखी दहा ओढले, तर त्याबद्दल बोलायचं नाही. मागच्याची दमछाक ओळखून त्याने ते केलेलं असतं. आभार मानले तर मागच्याला आपण थकलो हे कबूल करावं लागतं आणि पुढच्याला आपण उपकार केले हे. बाजूला उभ्या राहिलेल्या माणसाजवळून जाताना हातातली काठी किंचित उचलायची, झालं. आमच्याकडची माणसं एरवी एकमेकांचं भरपूर उणंदुणं काढतात, पण ही रीत कुणी मोडत नाही. मीही कधी मोडली नव्हती.

३

एकतिसाव्या खांबाला माझी पाळी आली, एकसष्टाव्याला आली. तोवर ऊन होतं. सत्तराव्या खांबापुढे मोठी झाडं संपतात, तिथे धुकं उतरलं. टोप्या खाली ओढल्या, माना खाली गेल्या. अशा वेळी पुढच्याच्या टाचांपलीकडे काही दिसत नाही. माझ्या पुढे ब्रीडी होती. तिच्या पोटऱ्यांवर बर्फ आत जाऊ नये म्हणून बांधलेल्या केशरी पट्ट्या होत्या, त्या बघत मी चाललो होतो.

ऐंशीला डावीकडे कुणीतरी उभं होतं. नेव्हची पाळी संपली. मी काठी उचलली आणि पुढे गेलो.

नव्वदला डावीकडे कुणीतरी उभं होतं. ब्रीडीची पाळी संपली, असं मनाशी म्हणत मी काठी उचलली. दोन पावलांनी माझ्या लक्षात आलं की केशरी पट्ट्या अजून माझ्या पुढेच आहेत.

मी मागे वळून पाहिलं. मागे एक आकृती येत होती, मान खाली, पाठीवर पिशवी. नेव्ह. ऐंशीला कदाचित कुणी नव्हतंच, मला खांबच माणसासारखा दिसला असेल. नेव्हने वीस ओढले असतील. पोरगी नवीन आहे, तिला जरा दम खाऊ द्यावा म्हणून केलं असेल. मला ते मनापासून आवडलं. माझी पाळी एकशे एकला आली. मी आपले दहा ओढले आणि बाजूला झालो.

या वेळी मी गॉगल पुसून नीट बघितलं. नेव्ह गेला, त्याने काठी उचलली. ब्रीडी गेली, तिने काठी उचलली. दोघंच. पुढची पाळी एकशे एकतीसला यायला हवी.

ती एकशे एकेचाळीसला आली. मधल्या वेळात तीन वेळा मी डावीकडे उभ्या माणसाजवळून गेलो होतो, तीन वेळा काठी उचलली होती. तोंडं काही पाहिली नव्हती. गुडघे दिसले होते, आणि बर्फाचे जोडे.

४

एकशे पन्नासला मी थांबायला लावलं. थर्मासमधला चहा काढला, नेव्हने त्याचा रम घातलेला केक काढला. आणि मी रीत मोडली.

"नेव्ह, दोनदा जास्तीचे दहा ओढलेस. बास कर आता. वय झालंय तुझं."

"मी?" त्याचा घास तोंडातच राहिला. "लेका, माझे गुडघे मला काय फुकट मिळालेत? मी मोजून दहा ओढतो आणि जीव वाचवून मागे येतो. मी समजत होतो, ही पोरगी ओढतेय."

"मी नाही हं," ब्रीडी म्हणाली. "मला वाटलं, मामा, तू करतोयस. मी पहिल्यांदाच आलेय म्हणून. बोलायचं नसतं ना, म्हणून गप्प बसले."

मग नेव्ह खो-खो हसला. "मोजणी खात्याने तुला वेळेवर घरी पाठवला म्हणायचा! मध्ये दहा खांब बर्फात बुडालेले असतील रे, म्हाताऱ्या. आकडे पुढे सरकले, तू तिथेच."

पट्टीवर आकडा असतो, खांब बुडाला तरी आकडा पुढे सरकत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. कारण मग दुसरं काही तरी सांगावं लागलं असतं. आम्ही तिघांनीही एकमेकांना भला माणूस समजून सकाळपासून तोंड मिटलं होतं, आणि त्या भलेपणात वीस खांबांची वाट कुणी पाडली याचा हिशेब लागत नव्हता. ब्रीडीचा हात चहाच्या पेल्याभोवती होता आणि ती धुक्यात बघत होती. तिथून परत फिरायला हवं होतं. बावीस वर्षं याद्या करणारा माणूस तीन टक्के शंकेवर परत फिरत नाही, एवढाच माझा गर्व होता, आणि तो मला आजही टोचतो.

५

चहानंतर नेव्ह पुढे झाला. एकशे साठनंतर वाट खांबांची ओळ सोडून कड्याच्या उलट अंगाला वळली. मला आश्चर्य वाटलं नाही, जागा शोधायचीच होती. ब्रीडीच्या मागोमाग मी उतरत गेलो, आणि वारा एकदम बंद झाला.

अशी जागा मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. तीन बाजूंनी खुज्या निलगिरीची झाडं, त्यांच्यावर एकही वाळकी फांदी नाही. बर्फाखालून ओढ्याचा आवाज, म्हणजे पाणी हाताशी. मधोमध तंबूपुरता चौथरा. तंबू लावण्याआधी आम्ही पायातल्या जोड्यांनी बर्फ तुडवतो आणि अर्धा तास घट्ट होऊ देतो. हा चौथरा तुडवून, घट्ट होऊन तयार होता. चारी बाजू सरळ. मी काठी आपटली, ती टणकन वाजली.

मागून नेव्ह धापा टाकत आला. मागून.

"वा गं पोरी! नजर आहे तुला."

"मी तुझ्या मागून आले," ब्रीडी म्हणाली.

"माझ्या? मी एकशे साठला बाजूला झालो की. तुम्ही दोघं माझ्या पुढून गेलात. तूच पुढे होतीस."

"माझ्या पुढे कुणीतरी होतं, नेव्ह. मी पाठ बघत आले."

मी सगळ्या जागेला फेरी मारली. चौथऱ्यापर्यंत येणारी एकच वाट होती, आम्ही आलो ती. तिथून बाहेर जाणारी एकही नव्हती.

उजेड तासाभराचा होता. त्या धुक्यात, संध्याकाळी, कड्याच्या कडेने परत जाणं हा शुद्ध वेडेपणा होता, आणि तंबूसाठी याहून सुरक्षित जागा मला कुठे मिळणार होती? मी तेच म्हणालो. तंबू लावला. रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिघंही झोपलो. डोंगरात इतकी गाढ झोप मला कधीच लागली नव्हती. ही जागा मी वहीत लिहिली नाही.

६

सकाळी धुकं होतं तसंच, वर वारा, कालची वाट भरून गेलेली. निघायच्या आधी मी दोघांना सांगितलं, "आज पाळी लागली की मोठ्याने स्वतःचं नाव घ्यायचं. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"आणि घेतलं नाही तर अंगठे धरून उभं करणार का, मास्तर?" नेव्ह म्हणाला. पण त्याच्या आवाजात दम नव्हता.

एकशे साठला मी ओरडलो, "एरॉल!" दहा खांब ओढले. एकशे पन्नासला "नेव्ह!" झालं. एकशे चाळीसला मी कान टवकारले. कुणीच ओरडलं नाही. पण पुढची रांग थांबलीही नाही, त्याच चालीने चालत राहिली. एकशे तीसला ब्रीडीचा आवाज आला, "ब्रीडी!" आणि त्या आवाजात रडू होतं. तिने तो बिननावाचा दहा खांबांचा तुकडा त्याच्या पाठीमागून चालून काढला होता.

मी पुढे पळत जाऊन बघायला हवं होतं. त्या रुंद जोड्यांनी पळता येत नाही, हे खरं आहे. मला बघायचं नव्हतं, हेही खरं आहे. त्याने आतापर्यंत काय वाईट केलं होतं? वाट पाडली, जागा दाखवली. खाली उतरत होतो, आकडे कमी होत होते. पोरगी घरी पोचली की मग जे समजायचं ते समजू.

एकशे वीसला मी. एकशे दहाला नेव्ह. शंभरला शांतता. नव्वदला ब्रीडी. ऐंशीला मी, सत्तरला नेव्ह.

साठला स्पष्ट, खणखणीत हाक आली, "ब्रीडी!"

पन्नासला माझी पाळी आली. तीस खांबांनी. माझ्या छातीवरचा दगड उतरला. ते मागे राहिलं होतं, त्याच्या जागी, वर. चाळीसला नेव्ह, तीसला ब्रीडी, वीसला पुन्हा मी. आकडे बरोबर बसत होते. चाळीस वर्षं मी जो आकडा बसतो त्यावर विश्वास ठेवत आलो, तसाच त्या दिवशी ठेवला. माझ्या पायांत नवा जीव आला, आणि मी चक्क शीळ घालत दहा खांब ओढले.

अकराव्या खांबाला मी बाजूला झालो. नेव्ह गेला, काठी उचलून. मागून ती गेली. केशरी पट्ट्या, खाली घातलेली मान. "आलंच घर, पोरी," मी म्हणालो. वाऱ्यात तिला ऐकू गेलं नसावं. तिने काठी उचलली नाही.

आणि तेव्हा मागून, धुक्यातून, खूप लांबून आवाज आला.

"मामा! मामा, थांबा रे!"

७

मी मागे बघितलं. पुन्हा पुढे बघितलं तेव्हा वाटेवर एकटा नेव्ह चालला होता.

मी त्याला गाठून खांद्याला धरलं. त्यानेही हाक ऐकली होती, त्याचं तोंड राखेच्या रंगाचं झालं होतं. "गाडीपाशी जा," मी म्हटलं. "भोंगा वाजवत राहा. काही झालं तरी थांबू नको." तो गेला.

ब्रीडी मला एकविसाव्या खांबाला भेटली. दोन्ही हातांनी तिने खांब धरला होता. ओठ निळे पडले होते. मला इतकं हायसं वाटलं की माझे डोळे भरून आले.

"अगं बाई, कुठे राहिलीस तू?"

"तिथंच थांब, मामा."

मी थांबलो.

"सत्तरला तू माझ्याजवळ आलास," ती म्हणाली. दात वाजत होते, तरी ती प्रत्येक शब्द नीट उच्चारत होती. "म्हणालास, दमलीस, बस जरा, तुझे दहा मी ओढतो. मी बसले. तुम्ही गेलात. कुणी परत आलंच नाही. मग मी वाटेवरून चालत आले."

"तो मी नव्हतो, ब्रीडी."

"तुझा कोट होता. तुझा आवाज होता."

"मी पुढे होतो गं. तुझ्या आईशपथ."

"तोही आईशपथ म्हणाला."

"विचार काहीही. तू लहानपणी माझ्या ट्रकमध्ये—"

"ससा लपवलेला. तेही सांगितलं त्याने. निघायच्या आधी तेच सांगत होता, मला झोप येऊ नये म्हणून." ती आता रडत होती. "तू तोच असशील तर मला कसं कळणार?"

मी एक पाऊल पुढे टाकलं. तिने खांब सोडला आणि एक पाऊल मागे घेतलं, ओळीच्या बाहेर, कड्याकडे. मी आणखी एक टाकलं. तिनेही टाकलं. तिच्या मागचा बर्फ जमीन होता की नुसती हवा, ते त्या पांढऱ्यात मला सांगता येत नव्हतं. तेवीस वर्षांची माझी ओळख, माझा शब्द, माझा चेहरा, सगळं तिच्या दृष्टीने तिला ढकलायलाच आलं होतं. असं असहाय्य मला जन्मात वाटलं नव्हतं.

भोंगा वाजला. लांब, खाली.

"ऐक," मी म्हटलं. "मी तुझ्याजवळ येत नाही. मी पाठ फिरवतो आणि चालायला लागतो. तू ओळीत ये आणि माझ्या मागून चाल. वाटेल तेवढं अंतर ठेव. मी वळणार नाही. गाडी येईपर्यंत एकदाही वळणार नाही, शब्द देतो."

मी पाठ फिरवली.

पाठ फिरवून चालणं मला आयुष्यात इतकं जड कधी गेलं नव्हतं. वीस. एकोणीस. मागे काहीच नाही, नुसता वारा. अठराला बर्फ करकरल्याचा आवाज आला. पुन्हा आला. जोड्यांचा तो ओळखीचा फसक-फसक आवाज, अंतर राखून, माझ्या चालीने. ती येत होती. मान वळवायची इतकी ओढ लागली की मी दात आवळले. दिलेला शब्द मोडला आणि ती पुन्हा कड्याकडे सरली तर मॉरीनला मी काय तोंड दाखवणार होतो? दहा. नऊ. भोंगा जवळ येत गेला. माझ्या मनात एकच गोष्ट चालली होती, ये, पोरी, ये, ये.

तिसऱ्या खांबाला धुक्यातून गाडी दिसली. नेव्ह बाहेर उभा होता, एक हात खिडकीतून आत, भोंग्यावर. मला बघून त्याने हात काढला. मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच राहिली.

मी त्याच्यासमोर जाऊन थांबलो. मागची पावलंही थांबली.

"आली ना रे?" मी विचारलं. "नेव्ह, ब्रीडी आली ना माझ्या मागे?"

नेव्ह कितीतरी वेळ बघत राहिला, आधी एकीकडे, मग जरा बाजूला.

"कुठली?" तो म्हणाला.

मी अजून वळलो नव्हतो.